खिळी अजून आली नाही

मर्ल सर्फासच्या दुकानात बंदूक दुरुस्तीला टाकली, की ती परत कधी मिळणार हे बंदुकीवर नाही, माणसावर ठरायचं. आमच्या पेन्सिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगराच्या पायथ्याच्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं. न बोलणं हा आमच्याकडचा गावधर्मच आहे. शेजाऱ्याच्या कोठाराला आग लागली तर आम्ही जिवावर उदार होऊन विझवू, आणि दुसऱ्या दिवशी तोच शेजारी भेटला की त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू.

एखाद्याची बायको गेली, एखाद्याची नोकरी सुटली, एखाद्याची बाटली सुटेना, की थोड्या दिवसांत तो मर्लच्या दारात उगवायचा. हातात बंदूक आणि तोंडात काहीतरी खुसपट. घोडा जड लागतो, दुर्बीण हलते, जरा बघतोस का. मर्ल बघायचा. बंदूक ठणठणीत असायची. मग तो डोकं खाजवून म्हणायचा, "स्प्रिंग मागवावी लागेल रे. वेळ लागेल." समोरचा म्हणायचा, "लागू दे," आणि आला त्याहून हलका होऊन जायचा. माणूस स्वतःलाच भिऊन बंदूक आणून ठेवतो आणि कारण स्प्रिंगचं सांगतो. दुकानदार ते ओळखतो आणि स्प्रिंगचंच खरं मानून चालतो. यात कुणाची अब्रू जात नाही. पुढं तो माणूस सावरला, चार माणसांत हसू-बोलू लागला, की स्प्रिंग येऊन पोचायची.

ही अक्कल मर्लला फुकट आली नव्हती. डेन्व्हर बॉर्गर नावाच्या ट्रकवाल्याची रायफल त्यानं एकदा सांगितल्या वेळी तयार करून दिली होती, वर 'मर्लचा शब्द म्हणजे शब्द' अशी फुशारकीही मारली होती. डेन्व्हर त्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं गेला. त्यानंतर मर्लनं आपल्या शब्दाला काही किंमत म्हणून ठेवली नाही.

लमार फ्रेबल आला तो हिवाळा सरताना, रस्त्याकडेचं बर्फ काळं पडलं होतं तेव्हा. दोघं एका शाळेत, एका बाकावर वाढलेले. लमारनं लांबोडकी पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून काळी रायफल काढली.

"हिच्या तोंडावर ब्रेक बसवायचाय," तो म्हणाला. "कायमचा. खिळी ठोकून, वेल्डिंग करून."

"कायमचा? कशाला?"

"जर्सीला न्यायचीय."

मर्लनं चष्मा कपाळावर सरकवला. नदीपलीकडं न्यू जर्सीत कायदा निराळा आहे. अशा रायफलीच्या नळीच्या तोंडाशी उघडे आटे असलेले तिथं चालत नाहीत, आणि त्या आट्यांवर जे बसवाल ते पुन्हा निघता कामा नये. म्हणून ब्रेक, म्हणजे बाराचा धक्का कमी करणारं ते बोटभर नळकांडं, घट्ट फिरवून बसवायचं, बाजूनं खिळी घालायची आणि वर वेल्डिंगचा ठिपका देऊन तो घासून काळा करायचा. आमच्या पेन्सिल्व्हेनियात याची कुणाला गरज नाही. चांगली सुटी होणारी वस्तू अशी जखडून घेणं आमच्या लोकांना आपल्याच दाराला बाहेरून खिळे मारून घेण्यासारखं वाटतं.

"जर्सीला? तू?" मर्ल म्हणाला. "अरे, तिकडं पेट्रोल स्वस्त होतं तेव्हासुद्धा तू पूल ओलांडला नाहीस."

"पेट्रोल स्वतःच्या हातानं भरू देत नाहीत लेकाचे. तिथं काय जायचं?"

"मग आता काय झालं?"

"काम आहे."

"कोण आहे तिकडं तुझं?"

"काम आहे म्हटलं ना? तू ब्रेक बसव. नसत्या चौकशा नकोत."

रायफल मर्लच्या ओळखीची होती. लमारनं आणि त्याच्या मुलीनं, जनेलनं, ती शाळेत असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक भाग जोडून ही रायफल बनवली होती. जनेल आता गावात नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिची आई आर्लीन गेली, तेव्हा दफनानंतरच्या जेवणाला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, हॅम आणि बटाट्याच्या ताटावर बसलेल्या सगळ्या गावासमोर, जनेल बापाला म्हणाली होती, "मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हणून मी पाया पडले तुमच्या. तुमच्या हट्टापायी आई गेली." ती तशीच उठून ॲरिझोनाला निघून गेली, आणि तेव्हापासून लमारसमोर तिचं नाव कुणी काढलं नाही. न काढणं म्हणजेच माया, अशी आमच्याकडं समजूत आहे.

"बाकीच्या बंदुका कुठं आहेत तुझ्या?" मर्लनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुतण्याला देऊन टाकल्या. मी एकटा काय करू?"

"आणि कुत्री? गाडीत दिसत नाही."

"शेजाऱ्यांना दिली. त्यांच्या पोरांत रमते."

लमारचा कोट खांद्यावरून लोंबत होता. कमरेच्या पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवं भोक पाडलेलं दिसत होतं. गल्ल्याशेजारच्या भिंतीवर जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या बायकांनी चिकटवलेला एक कागद होता, कुणी जीव देऊ नये म्हणून कुणावर लक्ष ठेवावं हे सांगणारा. जो आपल्या वस्तू वाटून टाकतो त्याच्यावर, ज्याचं अन्न सुटलंय त्याच्यावर, जो एकाएकी शांत झालाय त्याच्यावर. मर्लला तो कागद तोंडपाठ होता. जर्सी म्हणे! ज्यानं जन्मात पूल ओलांडला नाही त्याला सुचलेलं हे खुसपट. आपला लमार आपल्याच भीतीनं बंदूक घेऊन आपल्या दारात आलाय, दुसरं काय?

"ब्रेक आहे माझ्याकडं," मर्ल म्हणाला. "खिळी मात्र मागवावी लागेल. वेळ लागेल."

इतरांसारखा लमार 'लागू दे' म्हणाला नाही. "जरा लवकर जमतंय का बघ," म्हणाला. मर्लला वाटलं, सगळे काही एकाच चालीनं खेळत नसतात. त्यानं रायफल आतल्या लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि मित्राला राखलं या समाधानात जेवायला गेला.

खिळी कसली मागवायची? तांदळाच्या दाण्याएवढा लोखंडाचा तुकडा तो. टेबलाच्या खणात मूठभर पडले होते.

लमार दर गुरुवारी यायला लागला. "आली का रे?" "नाही रे अजून." मग दोघं कॉफी पीत आणि यंदा मक्याचं काय होणार ते बोलत. उन्हाळ्यात लमार बागेतली कणसं आणून द्यायचा. मर्लची बायको व्हर्ना त्याच्यापुढं ॲपल पाई ठेवायची तर तो दोन घास खाऊन बशी सरकवायचा आणि म्हणायचा, "व्हर्ना, तुझ्या हाताला आता ती चव राहिली नाही बघ." व्हर्ना फडकं उगारायची. तो गेला की मात्र ती उरलेली पाई बघत बसायची.

"माणूस झिजत चाललाय," ती एकदा म्हणाली. "तू विचार ना त्याला सरळ. काय होतंय, काय मनात आहे."

"असं विचारतात का कुणाला?"

"तोंड आहे, विचारायचं. एका बाकावर बसलात ना शाळेत?"

"म्हणूनच नाही विचारता येत," मर्ल म्हणाला. "त्याला कळतं, मला कळतं. तो दर आठवड्याला येतो की नाही? येतोय तोवर ठीक आहे. खिळी आली असं ज्या दिवशी सांगेन, त्या दिवसापासून त्याला यायचं कारण उरणार नाही."

व्हर्नानं पुढं काही म्हटलं नाही. तीही आमच्यातलीच.

सप्टेंबरात लमार आला तो दाराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभाच राहिला. मग आत येऊन स्टुलावर बसला. त्या दिवशी त्यानं कॉफी घेतली नाही.

"मर्ल, दुसरी कसली खिळी चालत नाही का? एखादा खिळा तोड आणि घाल की."

"कायद्याचं काम आहे बाबा. जर्सीवाले फार बारीक बघतात."

"सहा महिने झाले."

"कारखाना बंद होता त्यांचा."

लमार स्टुलावरून पुढं झुकला. "बरं, मग मला नुसती दाखव तरी. जरा हातात घेऊन बघतो."

मर्लनं टेबलावरची हत्यारं उगाच नीट लावली. "किल्ली व्हर्ना घेऊन गेलीय गावात," तो म्हणाला.

किल्ली त्याच्याच कमरेला लटकत होती. लमारची नजर तिच्यावर गेली, आणि तिथंच थोडी थांबली. दुसरा कुणी असता तर भांडला असता, निदान शिवी तरी हासडली असती. लमार म्हणाला, "बरं." उठताना त्यानं मर्लच्या खांद्याचा आधार घेतला. तो मित्राच्या मायेचा हात होता की नुसता आधार होता, हे मर्लला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी लमार आला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी शेजाऱ्यांना तो मागच्या ओसरीवर खुर्चीत बसलेला सापडला, गेलेला.

बातमी आली तेव्हा मर्लनं पहिला प्रश्न विचारला, "कशानं?" आजारानं, असं कळलं. पोटातला कॅन्सर. डॉक्टरनं हिवाळ्यातच सांगितलं होतं, आणि लमारनं ते फक्त पाद्रीबुवांच्या कानावर घातलं होतं. मर्ल खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर व्हर्नाला म्हणाला, "वाईट झालं. पण निदान तसं तरी नाही झालं. बंदूक इथं होती." त्याच्या दुःखात थोडा अभिमान होता, तो मी लपवणार नाही. जगातून निघालेला माणूस आणि जगावर उदास झालेला माणूस बाहेरून अगदी सारखेच दिसतात. दोघंही कुत्री देऊन टाकतात, दोघांचंही अन्न सुटतं. मर्लला त्या दोघांतला एकच ठाऊक होता.

दफनाला जनेल आली होती. उशिरा आली, पुढच्या बाकावर एकटी बसली आणि कुणाशी न बोलता गेली. ॲरिझोनाहून एवढ्या लवकर कशी पोचली, म्हणून बाया कुजबुजल्या. पुढच्या आठवड्यात मर्लच्या दुकानासमोर एक गाडी थांबली, जर्सीच्या नंबराची, आणि तिच्यातून जनेल उतरली.

"मर्लकाका, ओळखलंत?"

"अगं, तुला नाही ओळखणार? बस. बाबांचं फार..."

"बाबांची रायफल तुमच्याकडं आहे. त्यांनी माझ्या नावानं ठेवलीय ती. वकिलांनी कागद करून दिलाय, माझ्याकडं तिकडचा परवाना आहे." ती बसली नाही. "काम झालं का तिचं?"

"तू जर्सीत राहतेस?" मर्लनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"गेल्या वर्षी बदली झाली. तुम्हाला बाबा बोलले नाहीत? नाहीच बोलणार. म्हणाले होते, आधी जाऊन येतो, मग गावाला सांगतो. तू दारातनं परत पाठवलंस तर लोक हसतील." ती किंचित हसली, मग तिचं तोंड वाकडं झालं. "मीच फोन केला होता हिवाळ्यात. सहा वर्षांनी. पाच मिनिटं दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाले, तुझी रायफल पडून आहे इथं, घेऊन येऊ का? मी म्हटलं, इथला कायदा असा असा आहे. म्हणाले, मर्ल करून देईल, त्याचा हात साफ आहे. तुझ्या गावातल्या दुकानातून रीतसर तुझ्या नावावर करू, आणि मग दोघं मिळून चार बार काढू, पूर्वीसारखे."

मर्लची नजर टेबलाच्या खणाकडं गेली.

"दर रविवारी फोन यायचा," जनेल म्हणाली. "आणि दर रविवारी तेच. मर्लची खिळी अजून आली नाही. मी म्हणायची, बाबा, रायफलीचं मरू द्या, तुम्ही या. तर म्हणायचे, रिकाम्या हातानं कसा येऊ? आजाराचं अक्षर बोलले नाहीत. मला वाटायला लागलं, यांना यायचंच नाहीये. एवढीशी खिळी, तिला सहा महिने लागतात होय? सप्टेंबरात मी चिडले. म्हटलं, यायचं नसेल तर सरळ सांगा, मर्लकाकांच्या आड लपू नका. खिळी आली की फोन करा, तोवर करू नका." ती थांबली. "मग नाही केला त्यांनी."

बाहेरच्या रस्त्यावरून लाकडांचा ट्रक गेला.

"मला एवढंच सांगा काका. खिळी खरंच आली नव्हती, की बाबाच मला फसवत होते?"

'आली नव्हती' एवढं म्हणून भागलं असतं. पोरीला बाप खरा मिळाला असता आणि मर्लही सुटला असता. ते शब्द सहा महिन्यांच्या सवयीनं त्याच्या जिभेवर आलेही होते. पण समोर लमारचीच हनुवटी होती, लमारचेच कान, आणि या तोंडाला पुन्हा तेच सांगणं त्याच्यानं होईना. त्यानं खण उघडला, त्यातली एक खिळी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही इथंच होती, पोरी. पहिल्या दिवसापासून. तुझा बाप खोटं बोलला नाही. खोटं मी बोलत होतो."

"तुम्ही? का?"

मर्लनं सांगितलं. डेन्व्हर बॉर्गरचं सांगितलं, कुत्रीचं सांगितलं, पट्ट्याच्या नव्या भोकाचं सांगितलं. लमार दर गुरुवारी विचारायला यायचा, शेवटी चौकट धरून आला, हेही सांगितलं. कमरेच्या किल्लीचं सांगताना मात्र त्याला दोनदा थांबावं लागलं.

"तुम्हाला वाटलं, बाबा जीव देणार आहेत," जनेल हळू म्हणाली.

"हो."

"आणि ते तर माझ्याकडं यायला तडफडत होते."

जनेलनं खिळी टेबलावर ठेवली.

"करा आता," ती म्हणाली.

"पाठवून देतो तुझ्याकडच्या दुकानात. तू कशाला थांबतेस?"

"नाही. माझ्यासमोर करा."

मर्लनं रायफल काढली आणि पकडीत धरली. ब्रेक फिरवून बसवला, भोक घेतलं, खिळी घातली. वेल्डिंगच्या वेळी त्यानं तिला तोंड फिरवायला सांगितलं, आणि तिनं ते फिरवलं. मग त्यानं ठिपका घासला, काळं लावलं, फडक्यानं पुसलं. हात खरंच साफ होता त्याचा. काम संपलं तेव्हा व्हर्नानं जनेलपुढं आणून ठेवलेली कॉफी अजून गरम होती.

जनेलनं नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. खिळी कुठं आहे ते लागत नव्हतं.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

तिनं रायफल पिशवीत घातली, कागद घेतला, मजुरी विचारली. मर्लनं मान हलवली तर तिनं आग्रह केला नाही, आभारही मानले नाहीत. ती बाहेर गेली, पिशवी मागं ठेवली आणि गाडीत बसली. गाडी सुरू झाली नाही. दोन्ही हात चाकावर आणि कपाळ त्या हातांवर, अशी ती बसून राहिली.

मर्ल काचेतून बघत होता. आमच्या रीतीप्रमाणं अशा वेळी खिडकीतून बाजूला व्हायचं असतं. बघितलंच नाही असं करायचं असतं. तो बाजूला झालासुद्धा. मग त्यानं फडकं टाकलं, दार उघडलं आणि टोपी न घालताच बाहेर गेला. त्यानं गाडीच्या काचेवर बोटानं टकटक केली. जनेलनं काच खाली घेतली. तिचं तोंड सुजलं होतं.

"पोरी," मर्ल म्हणाला. पुढचे शब्द त्याच्या वापरातले नव्हते. "सरळच विचारतो. तुझ्या मनात स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार नाही ना? असला तर रायफल इथं राहू दे. मी खोटं काही सांगणार नाही, नुसती ठेवून घेईन. आणि तू घरात ये. व्हर्ना आहे."

डोळ्यांतलं पाणी जनेलनं तळहातानं पुसलं.

"नाही, काका. तसलं काही नाही मनात. रडतेय फक्त."

"बरं."

"हे असं बाबांना विचारलं होतंत का कधी?"

"नाही."

"विचारायचं होतं," ती म्हणाली. "हसले असते पोट धरून. आणि तुम्हाला सांगितलं असतं, की मला पोरीकडं जायचंय."